दगडांवरचा भूगोल

शाळेत भूगोलाच्या तासाला मी झोपायचो.
ब्रिटन मला भेटलं नंतर,
साताऱ्यात सदर बझारच्या मागं, गोऱ्यांच्या कबरस्तानात,
विळा सरकारी, पगार न बोलण्यासारखा.

टणटणी उपटली की एकेक गाव उघडं पडायचं.
डेव्हन. पेम्ब्रोक. फाइफ.
पोरीच्या अंकलिपीत बघून
मी शेवाळ खरवडत अक्षरं जुळवली,
उच्चार माझे मीच ठरवले.
'वय वर्ष एक, महिने चार, दिवस अकरा.'
वाटलं, दिवस मोजून जगणारी माणसं ही.
आमच्यात म्हातारीला वय विचारलं तर
'भूकंपात माझा थोरला रांगत होता' एवढंच कळतं.

आज्यानं बेचाळीस साली
कोरेगावच्या पुढं तारा तोडल्या होत्या.
तो असता तर विळा हिसकावून घेतला असता.
किंवा नसता घेतला.
एवढंसं पोर कुणाचं का असेना,
गवत तर काढावंच लागतं.

ते एक वर्ष चार महिन्यांचं पोर म्हणजे एल्स्पेथ.
गाव पिटलोगी, परगणा फाइफ,
साल अठराशे एकावन्न, जुलै.
कण्हेरीखालचा कोपरा तिचा.
मी डबा तिथंच सोडायचो,
सावली होती म्हणून.

मग माझी प्रणोती मिरजेला नर्सिंग शिकली
आणि जानेवारीत गेली, नेमकी त्याच फाइफात.
सामानात मेतकूट, दोन स्वेटर,
आणि साताऱ्याचे पेढे, जे विमानतळावरच संपले.

"अण्णा, इथं सरसकट इंग्रज म्हणायचं नाही,
हे लोक स्कॉटिश. तोंड वाकडं करतात."
कळलं. साताऱ्याच्या माणसाला पुणेकर म्हटल्यावर होतं तसं.
"अंधार साडेतीनला पडतो.
पाय मी देते त्यांच्या पायावर, सॉरी तेच म्हणतात.
हवेबद्दल रोज बोलतात,
जशी काही ती कालच गावात राहायला आली.
आणि चहात दूध थंडच ओततात."
हे शेवटचं मला पटलं नाही.

"म्हाताऱ्यांच्या घरात रात्रपाळी असते.
मिसेस रे ब्याण्णव वर्षांच्या. मध्यरात्री बेल दाबतात.
औषधाला नाही, हात धरायला."
घरचं कुणी?
"नाताळला कार्ड येतं."
मी हूं म्हटलं आणि थांबलो.
पोवई नाक्याजवळ आता अशी दोन घरं
मलाच माहीत आहेत,
तिथं कार्डसुद्धा येत नाही.

पिटलोगी तिच्यापासून बसनं चाळीस मिनिटं.
सुट्टीला जाऊन ये, मी म्हटलं,
कशाला ते सांगितलं नाही, मलाही नीट माहीत नव्हतं.
ती गेली. पाऊस होता, असतोच म्हणे.
चर्चला कुलूप नव्हतं.
भिंतीवर पितळेची पाटी, तिचा फोटो पाठवला.

चष्मा पुसला. आता मला वाचता येतं.
बापाचं नाव, आईचं,
चार पोरं, सगळी तिथंच पुरलेली,
आणि खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं:
एल्स्पेथ, जी सट्टारा इथं आहे.
टी दोनदा.

म्हणजे पावणेदोनशे वर्षं तिथलं कुणीतरी
माझं गाव बोटानं जुळवत होतं,
उच्चार त्यांचे त्यांनीच ठरवत.

"तिथलं गवत कोण काढतं गं?"
"एक बाई आहे, मोरॅग. मशीन आहे तिच्याकडं.
पाटीकडं बघत मला म्हणाली,
हे सट्टारा नक्की आहे तरी कुठं?"
"मग काय सांगितलंस?"
"तुम्हाला विचारून सांगते म्हटलं."

बाहेर ऊन होतं. अजिंक्यताऱ्यावर कुणाची तरी गुरं दिसत होती.
सांग तिला, म्हटलं,
बझारच्या मागं, कण्हेरीखाली,
सावली चांगली आहे.
गवत मंगळवारीच काढलंय.